शब्दचर्चा : गेम खेळण्यामागची 'प्रेरणा', 'हेतू' की 'प्रयोजन'?

नौपाडा, ठाणे येथून विचारणा

मी एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. माझ्या काही विद्यार्थ्यांनी यंदा लोक ऑनलाइन गेम का खेळतात हे मोजणाऱ्या एका प्रश्नावलीचे मराठी रूप करायला घेतले आहे. मूळ प्रश्नावली डेमेट्रोविक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हंगेरीत तयार करून २०११ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात २७ विधाने असून ती सात घटकांत विभागलेली आहेत : सोबत, पलायन, स्पर्धा, ताण हलका करणे, कौशल्यवाढ, कल्पनारंजन आणि करमणूक. प्रत्येक विधानापुढे 'जवळजवळ कधीच नाही' पासून 'जवळजवळ नेहमी' पर्यंत पाच पायऱ्या आहेत.

शीर्षकात आणि सुरुवातीच्या खुल्या प्रश्नात आम्ही पाठ्यपुस्तकातला 'प्रेरणा' हा शब्द घेतला होता. कोपरीतल्या अकरावीच्या एका मुलाला 'ऑनलाइन गेम खेळण्यामागची तुझी प्रेरणा कोणती?' असे विचारले, तेव्हा त्याने पेन तोंडात धरून बराच विचार केला आणि उत्तराच्या जागी एकच शब्द लिहिला : 'दादा'. मसुद्याचे उलट भाषांतर, म्हणजे पडताळणीसाठी मराठीवरून पुन्हा इंग्रजी, करायला ज्यांना दिले होते, त्यांनी मूळ प्रश्नावली पाहिलेली नव्हती. त्यांच्याकडूनही 'प्रेरणा' चे 'इन्स्पिरेशन' होऊन आले. म्हणून 'हेतू' घालून पाहिला, तर मुले एकदम सावध झाली. या ठिकाणी कोणता शब्द योजावा?

वाशी येथून उत्तर

त्या मुलाचे उत्तर मला चुकलेले वाटत नाही, कारण आज बोलण्यात आणि सत्कारसमारंभांत 'प्रेरणा' बाहेरून येते, ती कोणाकडून तरी 'मिळते', आणि ज्याच्याकडून मिळते त्याचे नाव सांगणे हेच या प्रश्नाचे सरळ उत्तर ठरते. 'सहजप्रेरणा' सारख्या जोडशब्दात तिचा आतून ढकलणारी शक्ती हा अर्थ टिकून आहे, पण सुटा शब्द त्या अर्थापासून दूर गेला आहे. 'हेतू' ची अडचण वेगळी आहे. 'तुमचा हेतू काय?' हे वाक्य मराठीत संशय आल्यावरच उच्चारले जाते, आणि हेतू म्हटला की तो आधी ठरवलेला असावा लागतो. रात्री साडेअकराला अंथरुणात पडल्या पडल्या मोबाइल उघडणारा माणूस काही ठरवून उघडत नाही. 'का' आणि 'कशासाठी' निरुपद्रवी आहेत, मात्र 'कशाला' चुकूनही नको, 'कशाला खेळतोस?' हा आपल्या घरांत प्रश्न नसतो, ती बोलणी असतात.

शीर्षकासाठी मी 'प्रयोजन' सुचवीन. एकाच कृतीमागे अनेक 'कशासाठी' असू शकतात ही कल्पना या शब्दात आधीपासून मुरलेली आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्याची यश, अर्थप्राप्ती, व्यवहारज्ञान, अशुभनिवारण, आनंद आणि उपदेश अशी सहा प्रयोजने सांगितली, आणि मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला वाचकाची प्रयोजने म्हणून पलायन, स्वप्नरंजन, जिज्ञासातृप्ती ही नावे आजही पाठ असतात. तुमच्या सात घटकांतले दोन या यादीत जसेच्या तसे बसतात, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांचा अभ्यास करणारे संशोधक निक यी यांनी २००६ मध्ये सुमारे ३,००० खेळाडूंच्या उत्तरांचे घटक-विश्लेषण करून, म्हणजे एकत्र जाणारी उत्तरे गणिताने गटांत बांधून, खेळण्याच्या कारणांचे दहा उपघटक आणि त्यांचे तीन मोठे गट मांडले. त्यांतल्या तिसऱ्या गटाला, म्हणजे 'इमर्शन' ला, भाषांतरकार 'निमज्जन' म्हणतात, ज्यावरून मला गणपतीचे विसर्जन आठवते. आपल्याकडे 'रमणे' हे क्रियापद असताना हा खटाटोप कशाला? नवे प्रदेश धुंडाळणे, दुसऱ्या कोणाची भूमिका जगणे, आपल्या पात्राला सजवणे आणि घटकाभर जग विसरणे हे यी यांचे चारही उपघटक 'रमणे' या एका शब्दात सामावतात. त्याआधी गेम रचणारे रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार सांगितले होते. पण प्रकार म्हटले की माणूस एकाच खान्यात पडतो, आणि प्रयोजने मात्र एकाच माणसात चार-चार नांदतात. मोजपट्टीला नेमके हेच दाखवायचे असते.

ऐरोली येथून उत्तर

मी स्वतः खेळणारा आहे. तीन गोष्टी लिहितो. स्पर्धेच्या विधानात 'ईर्ष्या' घालू नये. जुन्या मराठीत 'ईर्ष्येने खेळला' ही शाबासकी होती, पण आमच्या पिढीच्या कानांवर हिंदी इतकी आहे की त्या शब्दाचा मत्सर झाला आहे. 'चुरस' सामन्यात असते, माणसात नसते. त्यापेक्षा 'समोरच्याला हरवायला मजा येते' असे सरळ लिहावे. दुसरे, पलायन आणि ताण हलका करणे या दोन्ही घटकांत 'ताण विसरणे' येऊ देऊ नये, नाही तर दोन्ही एकच होतील. घरच्या कटकटी डोळ्यांआड व्हाव्यात म्हणून खेळणे वेगळे, आणि रात्रपाळी संपवून आल्यावर डोके शांत व्हावे म्हणून खेळणे वेगळे. दुसऱ्यात मी कटकटीकडे परत जाणारच असतो. तिसरे, 'गेम करणे' हा प्रयोग कुठे राहिला असेल तर आधी काढावा. आमच्याकडे त्याचा अर्थ खून करणे असा होतो.

नौपाडा, ठाणे येथून

दोघांचेही आभार. पलायनाबद्दलची सूचना फार मोलाची आहे, कारण त्रासदायक पातळीवर गेलेल्या खेळण्याशी पलायनाचा संबंध अनेक अभ्यासांत दिसलेला आहे आणि तो घटक गढूळ झाला तर पुढचे सगळे निष्कर्ष गढूळ होतील. याच कारणाने 'नाद' आणि 'चस्का' हे शब्द मी विधानांत येऊ दिलेले नाहीत. ते खेळण्याचे कारण सांगत नाहीत, खेळणे कुठवर गेले ते सांगतात.

आणखी एक पेच निघाला. मुळात प्रत्येक विधान 'मी ऑनलाइन गेम खेळतो, कारण…' अशा घडणीचे आहे. मराठीत तिथे 'खेळतो' की 'खेळते' हे ठरवावेच लागते, आणि तिरकी रेघ मारून दोन्ही छापले की मुली पहिल्याच ओळीला पाहुण्या ठरतात. शेवटी आम्ही वाक्य फिरवले : 'डोके शांत होते, म्हणून मला गेम खेळावेसे वाटते.' कारण आधी आले, लिंग गेले, आणि प्रेरणा या नामाची गरजच उरली नाही. 'खेळावेसे वाटणे' या क्रियापदाने ते काम केले. शीर्षकात 'प्रयोजने' ठेवत आहोत. एकच शंका उरते. पाच पायऱ्यांतल्या मधल्या 'निम्म्या वेळा' वर मुले अडखळतात आणि तिला 'कधीकधी' च्याही खाली समजतात.

वाशी येथून

'दहापैकी पाच वेळा' असे लिहून पाहावे आणि बाकीच्या पायऱ्या आहेत तशाच ठेवाव्यात.