तपासणी मोफत, अंतर हाकेचे, तरी माणसे येत नाहीत: याचे मानसशास्त्र काय सांगते?

प्रश्न – आरोग्यसेविका, पारोळा तालुका

आमच्या उपकेंद्रात तीस वर्षांवरील सर्वांची रक्तदाब, मधुमेह आणि मुखकर्करोगासाठी मोफत तपासणी होते. कापूस वेचणीच्या दिवसांत बायकांना सवड नसते हे मला मान्य आहे. परंतु उन्हाळ्यात, हाताला काम नसतानाही, ‘माले काय व्हयेल शे?’ (मला काय झाले आहे?) असे म्हणून त्या वाट बदलतात. तंबाखू खाणारे पुरुष तर तोंड उघडून दाखवा म्हणताच ओट्यावरून उठून जातात. लोकांना माहिती नाही म्हणून असे होते, असे मी बरीच वर्षे धरून चालले होते. पण पुडीवरचे ते भयंकर चित्र हीच माणसे दिवसातून दहा वेळा पाहतात. मग ठाऊक असणे आणि प्रत्यक्ष करणे यांच्या मध्ये नेमके काय आडवे येते? मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर १ – मानसशास्त्राचा अध्यापक, जळगाव

ताई, आपल्यासारख्याच एका प्रश्नातून आरोग्यविषयक वर्तनाचा एक प्रसिद्ध सिद्धांत जन्माला आला आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगाच्या एक्स-रे तपासणीच्या गाड्या वस्तीपर्यंत येत, तपासणीला पैसे पडत नसत आणि तरीही अनेक लोक फिरकत नसत. समाजमानसशास्त्रज्ञ गॉडफ्री हॉखबाउम यांनी येणाऱ्यांच्या मनात काय असते याचा शोध घेतला आणि १९५८ मध्ये निष्कर्ष मांडले. काहीही त्रास नसताना आपल्याला क्षय असू शकतो आणि तो लवकर कळला तर फायदा होतो, या दोन्ही गोष्टी ज्यांना पटल्या होत्या त्यांच्यापैकी ८२ टक्के लोकांनी स्वतःहून एक्स-रे काढून घेतला होता. दोन्ही न पटलेल्यांमध्ये हे प्रमाण २१ टक्के होते. या कामातून घडलेल्या सिद्धांताला आरोग्यश्रद्धा प्रतिमान म्हणतात; त्यात आजाराचे गांभीर्य, उपायाच्या वाटेतील अडथळे आणि कृतीला चालना देणारे निमित्त यांचाही विचार होतो.

‘माले काय व्हयेल शे?’ हे वाक्य या प्रतिमानात नेमके बसते. रक्तदाब दुखत नाही, म्हणून तो आपल्याला असेल असे वाटतच नाही. त्यामुळे ‘रक्तदाब घातक असतो’ हे शंभरदा सांगण्यापेक्षा ‘काहीही न दुखता तो असू शकतो’ हे पटवणे अधिक मोलाचे आहे, असे माझे मत आहे.

उत्तर २ – धुळे

मी अभ्यासक नाही. एकोणीस वर्षे तंबाखू खाल्ली आणि आता सोडली आहे, म्हणून पुरुषांविषयी लिहितो. पुडीवरचे चित्र दिसू नये म्हणून मी ती खिशात उलटी ठेवत असे. सुटकेचा मार्ग आपल्या आवाक्यात आहे असे वाटत नसेल, तर भीती माणसाला धोक्यापासून दूर नेत नाही, धोक्याच्या विचारापासून दूर नेते. हे संवादशास्त्राच्या अभ्यासक किम विट यांनी १९९२ मध्ये मांडलेले मत नंतर वाचले, तेव्हा माझीच हकीकत वाचतो आहे असे वाटले. मला धीर दिला तो माझ्याच गल्लीतल्या, माझ्याइतकीच तंबाखू खाणाऱ्या एका रिक्षाचालकाने ती सोडली तेव्हा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये ज्याला स्वक्षमतेचा विश्वास म्हटले, म्हणजे ‘हे मला जमेल’ ही खात्री, तो आपल्यासारख्या माणसाचे यश पाहूनही वाढतो. तपासणीच्या वेळी असा एखादा माणूस शेजारी बसवून पाहावा.

उत्तर ३ – आशा गटप्रवर्तक, शहादा तालुका

सरांचे म्हणणे पटते, पण अपुरे वाटते. आमच्याकडे सातपुड्याच्या पाड्यांवर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी करताना आजार घातक आहे हे सांगावे लागत नाही, कारण घराघरांत तो पाहिलेला असतो. तरीही आई मुलीला मागे ओढते, कारण अहवालात ती वाहक (स्वतः आजारी नसली तरी आजार पुढच्या पिढीकडे नेऊ शकणारी) निघाली तर तिचे लग्न अडेल अशी धास्ती असते. हा अडथळा एकट्या आईच्या मनातला नाही, तो संपूर्ण भावकीचा आहे. मानसशास्त्रज्ञ आइसेक अजेन यांच्या नियोजित वर्तनाच्या सिद्धांतात, आपल्या जवळच्या माणसांना काय योग्य वाटेल याची धारणा हा स्वतंत्र घटक मानला आहे, आणि आमच्या अनुभवात तोच सर्वांत जड ठरतो. सासूची तपासणी आधी झाली की सुना आपोआप येतात. मात्र दिवसाची मजुरी बुडत असेल तर कोणताही सिद्धांत उपयोगी पडत नाही, हेही तितकेच खरे आहे. त्यासाठी तपासणीची वेळच बदलावी लागते.

उत्तर ४ – जळगावचा अध्यापक, पुन्हा

शहाद्याच्या ताईंची दुरुस्ती मान्य आहे. तिला जोडून एक प्रयोग सांगतो. हॉवर्ड लेव्हेंथल आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये येल विद्यापीठातील विद्यार्थ्यांना धनुर्वाताविषयी पत्रके दिली. काहींची पत्रके सौम्य होती, काहींची भीतिदायक. नुसते पत्रक मिळालेल्यांपैकी लस घ्यायला प्रत्यक्ष गेले ते शंभरात सुमारे ३. ज्यांना पत्रकासोबत दवाखाना दाखवणारा नकाशा देऊन, आठवड्यात केव्हा जाणार हे ठरवायला सांगितले, त्यांच्यातील सुमारे २८ टक्के गेले. दवाखाना त्यांना आधीपासून ठाऊक होता, हे विशेष.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. बचत गटाची बैठक संध्याकाळी होते. येत्या बैठकीत आधी दोन वयस्क मावशींचा रक्तदाब सर्वांसमोर मोजीन, अर्थात आकडा त्यांच्या कानातच सांगीन, आणि मग प्रत्येकीला वार आणि वेळ विचारून तिच्याच हाताने चिठ्ठीवर लिहून घेईन. पुरुषांसाठी तंबाखू सोडलेला माणूस गावात शोधते आहे. एक जण आहे, पण तो बोलायला तयार होईल का, हे त्यालाच विचारावे लागेल.