आमच्या गाण्यांना ऑनलाइन ऐकणारे कसे मिळवावेत? बजेट ५ हजार

लातूरचा_संबळ:
नमस्कार मंडळी. आम्ही चौघं: गिटार, बेस, संबळ आणि गाणारी ताई. गाणी सगळी आमची, मराठीतली. तीन रेकॉर्ड करून तयार आहेत. गणपतीत, गॅदरिंगला वाजवलं की लोक थांबून ऐकतात, पण ऑनलाइन टाकायचं कुठं आणि ऐकणारे आणायचे कुठून, हे कळंना गेलंय. ५ हजारांच्या वर एक रुपया नाही. व्हिडिओ शूट नको.

जालना_रॉकर:
भाऊ, व्हिडिओशिवाय कोणी ऐकत नाही. आम्ही गोदाकाठी ड्रोन लावून शूट केलं, ४० हजार गेले. आजही सुपाऱ्या त्याच व्हिडिओवर येतात.

नांदेडकर_बेस:
त्यानं शूट नको म्हटलंय दादा.
हे बघ, स्पॉटिफाय, ॲपल म्युझिकवर आपल्याला थेट गाणं टाकता येत नाही, मध्ये डिस्ट्रिब्युटर, म्हणजे आपलं गाणं तिथं पोचवणारी कंपनी, लागतो. डिस्ट्रोकिड वर्षाची फी घेतं, कितीही गाणी टाका. पण फी थांबली की गाणी उतरतात. कायम ठेवायची तर प्रत्येक रिलीजचे वेगळे पैसे. सीडी बेबी एकदाच फी घेतं, मग कमाईतले ९ टक्के कापतं. तीनच गाणी असतील तर मी सीडी बेबी घेईन.
तारीख महिनाभर पुढची धर. गाणं यायच्या किमान ७ दिवस आधी 'स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स'मधून पिच केलं, म्हणजे त्यांच्या संपादकांना सुचवलं, की ते फॉलोअर्सच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या यादीत जातं. बाहेर आलेलं गाणं पिच करता येत नाही, आणि एका वेळी एकच होतं. म्हणून तिन्ही एकदम सोडू नकोस.

बीडची_मैना:
पैसे देऊन प्ले घेऊ नका, हात जोडून सांगते. एका प्रमोशनवाल्यानं आमच्याकडून पैसे घेतले. आकडा वाढला, पण सगळे प्ले परदेशातल्या एकाच शहरातले. शेवटी गाणंच काढलं गेलं आणि तो आता फोन उचलत नाही. २०२४ पासून स्पॉटिफाय असल्या खोट्या प्लेसाठी डिस्ट्रिब्युटरला दंड लावतं, आणि तो आपल्याकडून वसूल होऊ शकतो.

गोंधळी_धाराशिव:
संबळ आणि गिटार? संबळ आईच्या गोंधळाचं वाद्य आहे. तुळजापूरला त्याचा मान वेगळा. फॅशन म्हणून वाजवू नये.

लातूरचा_संबळ:
दादा, माझे वडील गोंधळी आहेत. त्यांच्याकडूनच शिकलोय.

गोंधळी_धाराशिव:
मग हरकत नाही. पण मिक्समध्ये दोन्ही तोंडांचा आवाज वेगवेगळा ऐकू येऊ द्या. गिटार वर ठेवून संबळ दाबतात, तिथं जीव तुटतो.

परभणी_किबोर्ड:
यूट्यूब. बाकी सोडा. आपल्याकडं माणूस गाणं तिथंच शोधतो. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर लागतातच, शिवाय १२ महिन्यांत लोकांनी बघितलेले ४,००० तास किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज. स्पॉटिफायवर तरी काय, मागच्या १२ महिन्यांत १,००० प्ले नसतील तर त्या गाण्याला छदाम नाही.

जालना_रॉकर:
म्हणूनच व्हिडिओ म्हणतोय.

संभाजीनगर_साउंड:
बँडचं नाव आधी सगळीकडं शोधून बघा. त्याच नावाचा दुसरा कलाकार असला तर गाणी त्याच्या प्रोफाइलवर जाऊन पडतात, मग निस्तरत बसा. यूट्यूबवर गाण्याचं नाव देवनागरीत लिहा, खाली माहितीत रोमनमध्येही, कारण शोधणारे रोमनमध्ये टाइप करतात. गीतकार-संगीतकाराची नावं पूर्ण भरा. नेटवरचे तयार लूप (वाजवून ठेवलेले तुकडे) वापरले असतील तर ते गाणं कंटेंट आयडीत, म्हणजे आपलं गाणं दुसऱ्यांच्या व्हिडिओत ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेत, देऊ नका. तोच लूप वापरणाऱ्या दुसऱ्यांवर दावे जातात आणि भांडण आपल्या दारात येतं. आणि रील करायची तर जिथं संबळ सुरू होतो तिथूनच कापा, गिटारच्या सुरुवातीपासून नको.

हिंगोली_गिटार:
७ दिवस आधी पिच करा. व्हिडिओपण बनवा.

लातूरचा_संबळ:
सगळ्यांचे आभार. आमचं ठरलं. डिस्ट्रिब्युटर आत्ता नाही, शूट तर नाहीच. ५ हजारांत संबळासाठी सेकंडहँड माईक घ्यायलाव आणि चौथं गाणं वडिलांना सोबत घेऊन घरीच रेकॉर्ड करायलाव. चारही गाणी एका फोटोवर यूट्यूबला, एकाच दिवशी. लिंक आधी औसा, निलंगा, उदगीरच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, ज्यांनी आम्हाला समोर बसून ऐकलंय. आमचा ऐकणारा आधी तिथं आहे, स्पॉटिफायवर नाही.

नांदेडकर_बेस:
एकाच दिवशी चारही? मला पटलं नाही. चार आठवडे चार लिंका पाठव, ग्रुपमध्ये चारदा नाव निघेल. यूट्यूबवर टाकलेली गाणी पुढं डिस्ट्रिब्युटरकडूनही जाऊ शकतात, तेवढ्यासाठी मूळ वेव फाइल दोन ठिकाणी जपून ठेव. एमपीथ्रीत आवाजाचा दर्जा कमी होतो.

बीडची_मैना:
वडिलांचं गाणं पहिलं टाका.