रोझरी की जपमाळ? आणि ती ‘अर्पण’ करायची की ‘द्यायची’?

प्रश्न

एका कौटुंबिक आठवणींच्या हस्तलिखिताचं मराठी करतो आहे. प्रसंग अमेरिकेतला. आयरिश वंशाची कॅथलिक आजी आपली रोजच्या वापरातली रोझरी नातजावयाच्या हातात ठेवते. तो लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट, घरातला. अवघडतो, पण नको म्हणवत नाही, म्हणून खिशात टाकतो. मी लिहिलंय, ‘आजीने आपली जपमाळ त्याला अर्पण केली.’ बायको म्हणते, हे ऐकून सोवळ्यातली आजी डोळ्यांपुढे येते. ‘जपमाळ’ ठेवू की ‘रोझरी’? आणि ‘अर्पण’ मलाही खटकतंय, पण ‘भेट दिली’ म्हटलं की रंगीत कागदात गुंडाळलेलं खोकं दिसतं.

वसईहून

‘जपमाळ’ बिनधास्त ठेवा. आमच्या कॅथलिक चर्चमधल्या मराठीत हाच शब्द आहे, ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. घरात बोलताना मात्र बहुतेक ‘रोझरी’च. ‘रोझरी झाली का?’ म्हणजे संध्याकाळची प्रार्थना झाली का. वस्तू आणि प्रार्थना दोन्हींना एकच शब्द. त्यामुळे पुढे कुठे आजी ‘रोझरी म्हणतेय’ असं आलं तर आमच्या वाचकाला ‘जपमाळ म्हणतेय’ चालेल, बाकीच्यांना ठेच लागेल. तिथे ‘जपमाळेची प्रार्थना’ करा.

क्रियापदांकडे मात्र लक्ष असू द्या. ‘माळ ओढणे’ अजिबात नको, त्यात टवाळी येते. आणि ‘गळ्यात माळ घातली’ असं चुकूनही लिहू नका. मराठीत माळ घातली म्हणजे माणूस माळकरी झाला, मांस-मच्छी सुटलं! रोझरी गळ्यात घालायची वस्तूच नाही, ती हातात धरायची. माणूस गेला की शवपेटीतही त्याच्या बोटांतच गुंफतात.

एक तळटीप द्यायची असेल तर द्या. आपल्या जपमाळेत १०८ मणी आणि मेरुमणी ओलांडायचा नाही, तिथून उलटं फिरायचं. रोझरीत ५९. त्यांतले ५३ ‘नमो मारिया’चे, म्हणजे मरीयेच्या प्रार्थनेचे, ६ प्रभूच्या प्रार्थनेचे. क्रुसापासून सुरुवात करून पूर्ण वळसा घालायचा.

पणजीहून

गोव्यात कोंकणीत रोझरीला तेर्स म्हणतात. पोर्तुगीज ‘तेर्सु’ म्हणजे एकतृतीयांश. दहा ‘नमो मारिया’ म्हणजे एक दशक. पूर्ण रोझरीत १५ दशकं, म्हणजे दीडशे ‘नमो मारिया’, बायबलमधल्या १५० स्तोत्रांच्या जोडीला. एका बैठकीत पाचच दशकं म्हणायची, म्हणून तो तिसरा हिस्सा. प्रत्येक दशकाला एक ‘रहस्य’ असतं, म्हणजे मनात आणायचा एक प्रसंग. २००२ मध्ये पोप दुसऱ्या जॉन पॉलनी प्रकाशाची पाच रहस्यं जोडली, दशकं झाली २०. हिशेबाने तेर्स आता चौथा हिस्सा आहे, पण नाव बदलायला कोण जातंय!

‘रोझरी’चं मूळ लॅटिन, अर्थ गुलाबांची बाग. आणि मण्याला इंग्रजीत जो ‘बीड’ (जिल्हा नव्हे) आहे, त्याचा जुन्या इंग्रजीतला अर्थच प्रार्थना. प्रार्थना मोजता मोजता मोजायच्या वस्तूला तेच नाव चिकटलं.

अहिल्यानगरहून

आम्ही प्रोटेस्टंट, तेव्हा नातजावयाच्या बाजूने बोलतो. त्याचं अवघडणं मण्यांमुळे नसावं. अडचण आहे ती मरीयेकडे मध्यस्थीची विनवणी करण्याची. ज्याच्यावरून लुथरन हे नाव आलं त्या खुद्द मार्टिन लूथरने १५२२ च्या आपल्या प्रार्थनापुस्तकात ‘नमो मारिया’ ठेवली होती. पण देवाने तिच्यावर केलेल्या कृपेचं स्मरण म्हणून, तिच्याकडे मागणं म्हणून नव्हे. शिवाय बायबलमधल्या मत्तयाच्या सहाव्या अध्यायातला व्यर्थ बडबडीबद्दलचा इशारा आमच्या कानात लहानपणापासून असतो, त्यामुळे ‘जप’ शब्दालाच आम्ही जरा बिचकतो. तुमच्या अनुवादात ‘जपमाळ’ आल्याने त्याचं बिचकणं मराठी वाचकाला आपोआप कळेल. ‘रोझरी’ ठेवलीत तर ते समजावून सांगावं लागेल.

एवीतेवी विषय निघालाच आहे तर पुढच्या प्रकरणांसाठी. आमचा ‘बाप्तिस्मा’, कॅथलिकांचा ‘स्नानसंस्कार’. आमचे ‘पाळक’, त्यांचे ‘फादर’. आमचं ‘प्रभुभोजन’, त्यांची ‘मिस्सा’. लुथरन माणसाच्या तोंडी ‘स्नानसंस्कार’ घालू नका.

‘अर्पण’ काढाच. आमच्याकडे रविवारी थैलीत पडतं ते अर्पण. ते देवाला जातं, जावयाला नाही.

पणजीहून

आणि अर्पणपत्रिका? पुस्तकं माणसांनाच अर्पण करतात की.

अहिल्यानगरहून

करतात, पण तिथेही माणसाला उंचावर बसवूनच. आजी नातजावयाला कशाला उंचावर बसवेल?

स्टॉकहोमहून

लुथरन आणि माळ हे वाटतं तितकं विजोड नाही. इथे स्वीडनमध्ये मार्टिन लोन्नेबो या लुथरन बिशपनी १९९० च्या दशकात एक छोटी माळ तयार केली. ग्रीसमधल्या एका बेटावर वादळामुळे अडकून पडले असताना तिथल्या लोकांच्या हातातल्या माळा बघून त्यांना सुचलं. अठरा मणी. एक सोनेरी देवाचा, एक काळा रात्रीचा, एक पांढरा पुनरुत्थानाचा, आणि मधे मधे सहा मौनाचे. मनगटात घालून लोक कामावरही जातात. अमेरिकेतल्या एपिस्कोपल, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, लोकांनी १९८० च्या दशकात टेक्ससमध्ये ३३ मण्यांची वेगळी माळ काढली, ख्रिस्ताच्या आयुष्याच्या वर्षांइतकी.

या दोन्हींना मी ‘जपमाळ’ म्हणणार नाही. प्रत्येक मण्यावर ठरलेले शब्द म्हणायचं बंधन नाही, स्वीडिश माळेत तर एक तृतीयांश मणी गप्प बसण्याचे. ‘प्रार्थनेची माळ’ म्हणा. जावयाने पुढे स्वतःची अशी माळ घेतली असेल तर दोन शब्द वेगळे राहिल्याचा फायदाच होईल.

प्रश्नकर्ता

घेतलीय, शेवटच्या प्रकरणात! म्हणजे ‘जपमाळ’ आजीची, ‘प्रार्थनेची माळ’ त्याची. क्रियापद राहिलं.

वसईहून

‘भेट’ दुकानी वाटते म्हणालात, पण मंतरलेल्या, म्हणजे फादरने आशीर्वाद दिलेल्या माळेचं उलट आहे. १९१७ च्या चर्चसंहितेप्रमाणे अशी माळ विकली की तिला जोडलेली दंडमाफीची कृपा, म्हणजे पापांच्या शिक्षेतली सूट, संपायची. ती द्यायचीच वस्तू. तरीही ‘भेट’ नको, कारण भेट बहुधा नवी असते आणि ही वापरलेली आहे. ‘प्रसाद’ही नको, तो आजीच्या धर्मात वेगळा. ‘बहाल’ दरबारी. ‘आहेर’ परतफेडीचा.

१९६६ मध्ये पोप सहाव्या पॉलनी इंग्लंडच्या चर्चचे कँटरबरीचे आर्चबिशप मायकल रॅम्सी यांना आपली बिशपची अंगठी दिली, त्याचं मराठीत तुम्ही काय कराल? मी ‘अंगठी काढून दिली’ म्हणेन. वापरलेली, स्वतःची, तिथल्या तिथे दिलेली, सगळं ‘काढून’मध्ये आलं. तसंच, ‘आजीने हातातली जपमाळ काढून त्याला दिली.’

अहिल्यानगरहून

हे जमलं. फक्त ‘मंतरलेली’ पुस्तकात नको. आमच्या बाजूच्या वाचकाला त्यात करणी दिसेल. ‘आशीर्वादित’ लिहा.

वसईहून

आमच्याकडे म्हातारी माणसं सर्रास म्हणतात, पण तुमचं बरोबर आहे, पुस्तकात ‘आशीर्वादित’.

प्रश्नकर्ता

‘आजीने हातातली जपमाळ काढून त्याच्या हातात दिली.’ दोनदा ‘हात’ येतोय, पण राहू देतो. आता एकच. संवादात नात इंग्रजीत ‘रोझरी’ म्हणते तिथे ‘रोझरी’ लिहू की ‘रोजरी’?

पणजीहून

‘झ’. ‘रोजरी’ लिहिलंत तर लोक ‘रोज’ वाचतील.