बीएस्सी फिजिशियन असिस्टंट करून गावात दवाखाना टाकता येतो का?

शहादेकर:
मंडळी, भाचीची बारावी झाली, नीटला मार्क कमी पडले त्यामुळे एमबीबीएसचा विषय संपला. आता एका खाजगी कॉलेजचा माणूस घरी येऊन सांगून गेलाय की चार वर्षांचं बीएस्सी फिजिशियन असिस्टंट करा, अमेरिकेत हे लोक डॉक्टरसारखे पेशंट बघतात, इथेही तसंच होणार, गावात स्वतःचा दवाखाना टाकता येईल. पोरीला खरंच इकडेच, नंदुरबारच्या धडगाव बाजूला काम करायचंय. मेहुणे कर्ज काढायला निघालेत. यात खरं किती?

उपकेंद्रवाली:
दादा, आधी कर्ज थांबवा. त्या माणसाला एकच विचारा, पीए झाल्यावर स्वतःच्या सहीने औषध लिहिता येतं का. नाही येत. 2021 च्या अलाइड हेल्थच्या कायद्यात फिजिशियन असोसिएट, म्हणजे हेच पीए, आलेत, पण काम डॉक्टरच्या हाताखालीच, आणि पीएचसीत, म्हणजे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात, पीएची पोस्ट मी तरी कुठे बघितली नाही.
तिला जे करायचंय ते सध्या आम्ही सीएचओ, म्हणजे कम्युनिटी हेल्थ ऑफिसर, करतो. मी बीएएमएस, मग सहा महिन्यांचं ट्रेनिंग आणि उपकेंद्रावर पोस्टिंग. 2018 ला आयुष्मान भारतमध्ये उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी करायचं ठरलं तिथून ही पोस्ट आली. एका उपकेंद्राला सपाटीवर 5000 लोकसंख्या, डोंगराळ आदिवासी भागात 3000, आता तुमच्याकडच्या पाड्यांवरची 3000 माणसं म्हणजे किती चालायचं ते मी सांगायला नको. तिशीपुढच्या सगळ्यांचं बीपी-शुगर, तोंडाच्या नि स्तनाच्या कॅन्सरची तपासणी, गरोदर बाया, एमओंनी (पीएचसीतल्या मेडिकल ऑफिसरने) चालू केलेल्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला देणं, अडलं तर ई-संजीवनीवर डॉक्टरला कॉल, तोही रेंज असली तर.
ट्रेनिंगचं खरं सांगू का, माझं बरंचसं हॉस्पिटलच्या वॉर्डातच गेलं. उपकेंद्रात शेजारी सीनियर नसतो. तापाने फणफणलेलं लेकरू समोर आलं की मलेरियाची किट लावायची, घड्याळ धरून मिनिटभर श्वास मोजायचे, न्यूमोनिया वाटतोय का, आत्ता गाडी बोलवायची का, सगळं एकटीने. हे मला आमच्या जुन्या नर्सबाईंनी शिकवलं, वर्गात नाही.

कॅथलॅबवाला:
मी स्वतः पीए आहे, हार्टच्या हॉस्पिटलात. कोर्सला उगाच नावं ठेवू नका, शहरात नोकरी मिळते. पण आपल्याकडे तो सुरूच झाला 1992 ला चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये, डॉ. के. एम. चेरियन यांनी काढला, ते हार्टसर्जन, त्यांना हार्टच्या ऑपरेशनसाठी तयार माणसं हवी होती. अजूनही शिकवतात ते त्याच वळणाचं, राऊंड, केसपेपर, डिस्चार्ज समरी, सर्जनला असिस्ट. अख्ख्या कोर्समध्ये मला कुणी पीएचसी दाखवली नाही.

देवरीकर:
आमच्याकडे बॉर्डर ओलांडली की छत्तीसगड. तिथे 2001 ला खास खेड्यांसाठी तीन वर्षांचा डॉक्टरकीचा कोर्स काढला होता. पदवीच्या नावावरून भांडणं, कोर्टकज्जे, पोरांचे संप, शेवटी गुंडाळला. पण पास झालेल्यांना आरएमए, म्हणजे रूरल मेडिकल असिस्टंट, म्हणून पीएचसीत घेतलं, आणि पब्लिक हेल्थ फाउंडेशनने तपासलं तर नेहमीच्या आजारांत ते एमबीबीएस एमओंच्या तोडीस तोड निघाले. जिथे एमबीबीएस जायला तयार नव्हते तिथे हे जाऊन राहिले, मला तर हे जास्त मोठं वाटतं. आसामने जोरहाटला 2005 ला असाच कोर्स सुरू केला, डॉक्टरांची संघटना आयएमए कोर्टात गेली, 2014 ला हायकोर्टाने त्या कोर्समागचा कायदाच उडवला, 2023 ला सुप्रीम कोर्टानेही उचलून धरला नाही, राज्याने मधे नवा कायदा केला होता म्हणून पास झालेल्यांच्या नोकऱ्या तेवढ्या वाचल्या. पोरांनी नीट अभ्यास केला आणि लटकली कागदापायी.
आता 2019 च्या एनएमसी (नॅशनल मेडिकल कमिशन) कायद्यात कलम 32 आहे, कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडरला मर्यादित लायसन्स. ते लायसन्स हातात असलेला एक माणूस दाखवा मला! त्याच्या भरवशावर कुणी कोर्स विकत असेल तर चहा पाजून वाटेला लावा.

सिएटलची मावशी:
अमेरिकेचं नाव घेतलं म्हणून लिहिते. इथे पीए म्हणजे आधी पदवी, पेशंटबरोबर काम केल्याचा अनुभव, मग सव्वादोनेक वर्षांचं मास्टर्स आणि वर देशपातळीची परीक्षा. भारतातल्या बीएस्सीवर इथलं लायसन्स मिळत नाही. सुरुवात 1965 ला ड्यूक युनिव्हर्सिटीत झाली, नेव्हीत मलमपट्टी-औषधपाण्याचं काम केलेले चौघं घेऊन. भाचीला हवं तसलं शिक्षण म्हणाल तर आमच्या वॉशिंग्टन राज्यातला मेडेक्स नावाचा पीए कोर्स, 1969 चा. तीन महिने युनिव्हर्सिटीत, पुढचं वर्षभर थेट खेड्यातल्या डॉक्टरच्या दवाखान्यात, आणि डॉक्टर असा शोधायचा की जो नंतर नोकरीवर ठेवून घेईल. एवढं करूनही आज इथले बहुतेक पीए स्पेशालिटीत, प्रायमरी केअरला साधारण पाव हिस्सा. पगार तिकडे जास्त, दुसरं काय.

शहादेकर:
मेहुण्यांना सगळं वाचून दाखवलं, कर्ज तूर्तास थांबलंय. ताई, मग बीएस्सी नर्सिंग करून सीएचओ होता येईल का?

उपकेंद्रवाली:
होता येतं. नव्या नर्सिंग सिलॅबसमध्ये सीएचओचं ट्रेनिंग आतच घातलंय, तरी कॉलेजला तसं लेखी विचारा, आणि इंडियन नर्सिंग काउन्सिलची मान्यता बघितल्याशिवाय फी भरू नका. नोकरी कंत्राटी आहे हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा, ठरलेला पगार वेगळा नि कामाच्या हिशोबाने मिळणारा वेगळा, तो दुसरा कधी येईल ते विचारू नका. ॲडमिशनच्या आधी तिला आठवडाभर आशाताईंबरोबर पाड्यांवर फिरू द्या. पावरी, तिकडच्या पाड्यांवरची बोली, येते का तिला?