१८ कोटींच्या फाउंड्रीला फायनान्स मॅनेजर कशाला? आबा म्हणतात, त्यापेक्षा मोल्डर आण

भट्टीवाला_दुसरा
कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे, पुढं छोटं मशीन शॉप. उलाढाल वर्षाला १८ कोटींच्या घरात. टॅलीवर एक अकाउंटंट, जीएसटी आणि ऑडिटला बाहेरचे सीए. कुणाचे पैसे कधी सोडायचे ते आबा ठरवतात, खिशातल्या डायरीवरून.

गेल्या आर्थिक वर्षात नफा निघाला ७४ लाख. आणि त्याच वर्षी दिवाळीचा बोनस वाटायला मामाकडून ८ लाख हातउसने आणावे लागले. मामानं दिले, पण आईला जे ऐकवलं ते अजून घरात फिरतंय.

ओळखीतल्या एकानं सुचवलं, महिना ७५ हजारांवर फायनान्स मॅनेजर ठेवा. आबांचं उत्तर शीर्षकात लिहिलंय (मोल्डर म्हणजे ओतकामाचे साचे करणारा). तुमचं काय म्हणणं? एवढ्याशा कारखान्याला हा माणूस लागतो का?

उद्यमनगरी_काका
आबांचं बरोबर हाय. पगारी माणूस काय करणार? एक्सेल उघडणार, खान्यात पिवळा रंग भरणार आणि तुलाच विचारणार, "सर, पेमेंट कधी येणार?" वसुली रंगानं होत नाही. पुण्याच्या परचेसवाल्याला मी स्वतः फोन लावतो. आधी त्याच्या पोराचा बारावीचा रिझल्ट विचारतो, मग पैशाचं काढतो. हे कुठल्या एमबीएला शिकवत्यात?

ताळेबंद_ताई
काका, फोन तुम्हीच करा, तो कुणी काढून घेत नाही. पण कुणाला आणि कुठल्या तारखेला करायचा, हे कोण सांगणार?

गोकुळ शिरगावला मी फायनान्स मॅनेजरचंच काम करते, १४ वर्षं. दर सोमवारी सकाळी एक कागद तयार असतो. पुढचे १३ आठवडे, प्रत्येक आठवड्यात काय येणार, काय जाणार. पगार, वीजबिल, पिग आयर्न, कर्जाचा हप्ता. आणि २० तारखेचा जीएसटी. तो फार जणांच्या ध्यानात राहत नाही. मार्चमध्ये १ कोटीचं बिल केलं, गिऱ्हाईक जूनमध्ये पैसे देणार, पण त्यावरचे १८ लाख, खरेदीचं क्रेडिट वजा जाता, २० एप्रिलला भरावेच लागतात. बिल फाडलं की नफा वहीत लागतो. पैसा त्याच्या सवडीनं येतो.

भट्टीवाले, दोन गोष्टी सांगा. उधारी पूर्वी किती दिवसांत यायची, आता किती लागतात? आणि गेल्या वर्षी काही मोठं घेतलंत का?

भट्टीवाला_दुसरा
पूर्वी ७० दिवस, आता ८५ म्हणा. आणि हो, नवीन भट्टी घेतली. टर्म लोन मंजूर व्हायला वेळ लागत होता, सप्लायर घाई करत होता, म्हणून ५५ लाख सीसीतूनच (बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यातूनच) दिले. नंतर ते लोन राहूनच गेलं.

ताळेबंद_ताई
१८ कोटी भागिले ३६५, गुणिले १५ दिवस. करून बघा. ७४ लाख येतात, जीएसटी न धरता. तुमचा वर्षाचा नफा जसाच्या तसा गिऱ्हाइकांकडं पडून आहे. भट्टीचं दुखणं त्याहून वेगळं.

निवृत्त_पासबुक
बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी कर्ज खात्यात. भट्टीचं मी सांगतो.

सीसी ही माल आणि उधारी यांच्यासाठी असते. लोखंड घेतलं, ओतलं, विकलं, पैसे आले, खातं भरलं. मग पुन्हा उचल. भट्टीत घातलेले ५५ लाख असे फिरून येत नाहीत, ते सात-आठ वर्षांत थेंब थेंब सुटतात. लांब मुदतीच्या वस्तूला लांब मुदतीचाच पैसा, हा या शास्त्रातला पहिला धडा आणि तोच सगळ्यात जास्त मोडला जातो. ऊस लावायला हातउसने घेऊन पुढच्याच महिन्यात परत करतो म्हणण्यासारखं आहे ते.

आता यात ८५ दिवस मिसळा. तुमच्या महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून बँक ड्रॉइंग पॉवर, म्हणजे तुम्हाला किती उचल करता येईल ते, काढते. बहुतेक बँका ९० दिवसांवरची उधारी त्यात धरतच नाहीत. राहिलेल्यातून देणी वजा, वर साधारण २५ टक्के मार्जिन वजा. ८५ म्हणजे तुम्ही कड्यावर उभे आहात. चार गिऱ्हाईकं आणखी आठवडाभर सरकली की लिमिट कागदावर तेवढंच, पण उचल कमी. दिवाळीत तेच झालं असणार.

तरीही माझं मत काकांच्या बाजूला झुकतं. कंपनी कायद्यानं पूर्ण वेळ सीएफओ (मुख्य वित्त अधिकारी) सक्तीचा आहे तो शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना आणि १० कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवलाच्या पब्लिक कंपन्यांना. तुम्हाला बंधन नाही. तुम्हाला माणूस कमी नाही, शिस्त कमी आहे.

उद्यमनगरी_काका
बघा, बँकवाले सायबबी तेच म्हणत्यात. आणि ताईंचाच हिशोब पुढं नेतो. समजा मॅनेजरनं उधारी १० दिवस अलीकडं आणली. ४९ लाख सुटले. साडेदहा टक्क्यांनी व्याज वाचलं ५ लाखांच्या आसपास. त्याचा पगार वर्षाला ९ लाख. पाच वाचवायला नऊ घालवायचे व्हय?

ताळेबंद_ताई
काका, आकडा बरोबर आहे, मान्य. पण सुटलेले ४९ लाख नुसते सीसीत कशाला भरायचे? तुमचा स्क्रॅपवाला रोखीला २ टक्के सोडतो ना, नाहीतर ३० दिवसांची उधारी? ३० दिवसांसाठी २ टक्के म्हणजे वर्षाला जवळपास २५ टक्के पडले. साडेदहाचा पैसा हाताशी असताना ते सोडणं म्हणजे नुकसानच. महिन्याला ४० लाखांचं स्क्रॅप रोखीनं घेतलं तर ८० हजार वाचतात, वर्षाला ९ लाख ६० हजार. पगार निघाला.

उद्यमनगरी_काका
आणि वर उरले ६० हजार! त्यासाठी केबिन बांधा, एसी लावा. 😄

सीए_पण_आपलाच
आमचं नाव निघालं म्हणून दोन शब्द. आम्ही जे बघतो ते होऊन गेलेलं. ३१ मार्चचा ताळेबंद तुमच्या हातात पडेपर्यंत सप्टेंबर उजाडतो. त्यावरून दिवाळीचा बोनस ठरवणं म्हणजे मागच्या पावसावरून आज छत्री घ्यायची का ते ठरवणं. सीए असला की फायनान्स मॅनेजर आलाच, हा गैरसमज आधी काढा.

वसुलीबद्दल: कायदा तुमच्या बाजूनं आहे. एमएसएमई विकास कायदा २००६ चा. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून आयकरात ४३बी कलमाला एच उपकलम जोडलं गेलं. मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा मिळतो. मार्चअखेरीला फोन उचलायला लागलेत लोक, ते त्यामुळं.

उद्यमनगरी_काका
कायदा माहीत हाय. तक्रार केली की पुढच्या महिन्याचं शेड्यूल निम्म्यावर येतं, हेबी माहीत हाय. मोठ्या गिऱ्हाइकाबरोबर भांडून फाउंड्री चालत नाही.

ताळेबंद_ताई
यात काका शंभर टक्के खरे. आम्ही एकदाही तक्रार केलेली नाही. पण मोठं गिऱ्हाईक ट्रेड्सवर (बिलांवर आधीच पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर) असेल तर त्यानं मान्य केलेलं बिल तिथं टाकता येतं. बँक किंवा फायनान्स कंपनी व्याज कापून लगेच पैसे देते, भांडण नाही. फक्त ते मान्य करून घ्यायला मागं लागणारा कुणीतरी हवा. आबा भट्टीजवळ उभे असताना कोण लागणार?

काका, एक विचारू? राग मानू नका. तुमची मुदत ठेव असेल ना?

उद्यमनगरी_काका
३० लाख. कुणालाबी हात लावू देत नाही.

ताळेबंद_ताई
तिच्यावर ७ टक्के मिळतात, सीसीवर साडेदहा भरता. वर्षाला लाखभर रुपये नुसते हवेत.

उद्यमनगरी_काका
ताई, २०१९ चा ऑगस्ट आठवा. शिरोलीजवळ हायवेवर पाणी, गाड्या दिवसच्या दिवस अडकून. माल जाईना, भंगार येईना, पैसे कुठनं येणार? माझ्या माणसांचा पगार ठरल्या दिवशी झाला तो त्या ठेवीतनं. २०२१ ला परत तेच. लाखभर रुपयांत मी झोप विकत घेतो असं समजा.

निवृत्त_पासबुक
इथं मी काकांना सलाम करतो. सीसी हे मागता क्षणी परत करायचं कर्ज असतं. धंदा अडचणीत दिसला की बँक लिमिटकडं डोळे बारीक करून बघते, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच. किती पैसा कमाईला लावायचा आणि किती नुसता बसवून ठेवायचा, याचं एकच उत्तर नाही. पंचगंगेकाठी ते वेगळं येणारच.

ताळेबंद_ताई
पटलं. पण मग ३०च का? पूर आला तर १५ दिवसांचे पगार, वीजबिल आणि हप्ता मिळून किती, हे एकदा मांडा. २२ निघतील, ३८ पण निघतील. मनानं धरलेला आकडा आणि मांडलेला आकडा, माझं भांडण एवढ्यापुरतंच.

जुना_भागीदार
एक इशारा. आमच्याकडं एकाच विश्वासू माणसाकडं सगळं होतं. बिल पास करणं, पैसे पाठवणं, बँकेशी ताळा घालणं. कळलं तेव्हा तीन वर्षं होऊन गेली होती. किती गेले ते विचारू नका. मॅनेजर ठेवा अगर ठेवू नका, पैसे पाठवणारा आणि बँकेचा ताळा घालणारा वेगवेगळा ठेवा.

भट्टीवाला_दुसरा
काल रात्री जेवणं झाल्यावर कॅलेंडरच्या पाठीमागं १३ आठवडे आखले आणि आबांपुढं ठेवले. चष्मा लावून बघितलं. म्हणाले, "हे कुणी सांगितलं तुला की ही पार्टी २५ला देते? त्यांचा अकाउंटवाला २८ला बसतो, चेक ४ला निघतो." पेन घेऊन खोडलं. मग अजून सहा नावं खोडली. डायरीत एकेका गिऱ्हाइकाच्या पुढं २००३ पासूनच्या तारखा आहेत, मला माहीतच नव्हतं!

खोडून झाल्यावर ऑगस्टचा तिसरा आठवडा १९ लाखांनी उणा आला. आबा बराच वेळ त्याच आकड्याकडं बघत बसले. मग म्हणाले, "बहिणीच्या लग्नाला काढलेले ह्यात धरलेस का?" धरले नव्हते.

भट्टीसाठी टर्म लोनचा अर्ज सोमवारी देतोय. मॅनेजरचं अजून ठरलं नाही. आठवड्यातून दोन दिवस येणारा कुणी असेल तर सांगा.

ताळेबंद_ताई
आधी त्या डायरीचे फोटो काढून ठेवा. आजच.

उद्यमनगरी_काका
आबांना नमस्कार सांग. आणि मोल्डर मिळाला तर एक मलाबी बघ.