अवतरणचिन्हांवर एवढा भरवसा नको

"अवतरणचिन्हांत दिलंय म्हणजे शास्त्रज्ञाचेच शब्द, घोटाळा होतो तो सारांशात" हे विज्ञानाच्या बातम्यांबद्दलचं मत मला अर्धंच पटलं. सारांशात निदान लेखक आपल्या शब्दांची जबाबदारी घेतो. अवतरणचिन्हं दिसली की वाचक शंका घ्यायचंच सोडतो. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विनच्या नावावर खपणारं ते सगळ्यांचं लाडकं वाक्य घ्या: भौतिकशास्त्रात नवं शोधायचं काही उरलं नाही, उरलंय ते फक्त अधिकाधिक अचूक मोजमाप. १९०० सालचं म्हणून ते सर्रास छापलं जातं, पण तो असं म्हणाल्याचा पुरावा सापडत नाही. त्या वर्षी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेतल्या व्याख्यानात तो बोलला ते जवळजवळ उलट: उष्णता आणि प्रकाशाच्या सिद्धान्तावर दोन ढग, म्हणजे न सुटलेल्या दोन अडचणी, दाटलेत म्हणाला. मोजमापाची कल्पना मिळते ती अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ अल्बर्ट मायकेलसनच्या १८९४ च्या शिकागोतल्या भाषणात. यापुढची सत्यं दशांशचिन्हानंतरच्या सहाव्या स्थानावर शोधावी लागतील, असं त्यात आहे. आणि गंमत म्हणजे तेही त्याने 'एका थोर भौतिकशास्त्रज्ञाने म्हटलंय' असं, नाव न घेता सांगितलं होतं!

त्यामुळे 'म्हणाले' वाचलं की मी आधी बघते, कुणाला म्हणाले? मासिकाच्या वार्ताहराला, की संस्थेच्या प्रसिद्धिपत्रकात? पत्रकातलं वाक्य अनेकदा जनसंपर्कवाले लिहितात आणि शास्त्रज्ञ फक्त होकार देतो. म्हणून तर तेच 'उत्स्फूर्त' उद्गार चार ठिकाणी स्वल्पविरामासकट जसेच्या तसे भेटतात.