डब्ल्यू-१२३ : पुढचं डावं चाक आतून ओलं, शॉकअब बदलले तरी गळतंयच

शाईवाला_०९

राम राम मंडळी.

गाडी मर्सिडीज २४० डी (डब्ल्यू-१२३ मालिकेतली), १९८२ ची. माझ्याकडे नऊ वर्षं आहे. कोल्हापुरात शाहूपुरीत छापखान्यामागच्या शेडमध्ये झाकलेली असते. यंदा जून ते सप्टेंबर जागची हलवलीच नाही. आमच्याकडचा पाऊस ठाऊक आहेच तुम्हाला, शेडमधल्या कागदाच्या रिमांना बुरशी आली, तिथं गाडीचं काय घेऊन बसलात.

खंडेनवमीला मशिनींबरोबर हिचीही पूजा म्हणून धुवायला काढली, तर पुढच्या डाव्या चाकाची आतली बाजू ओली. टायरवर खाली ओघळ. नेहमीच्या मेकॅनिकला दाखवलं. त्यानं वाकून बघितलं, बोट लावलं आणि म्हणाला, "शॉकअब गेलाय, जोडीच बदलू." धक्के झेलणाऱ्या, आत ऑइल असलेल्या त्या दोन्ही नळ्या बदलल्या. आठ दिवसांत परत ओलं.

आता बाकीची लक्षणं सांगतो. ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढते. रंकाळ्याच्या वळणावर ब्रेक मारला की डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकतो आणि सरळ झाल्यावर विझतो. ब्रेक ऑइलचा डबा बघितला तर पातळी खालच्या रेघेला. भरलं, तीन आठवड्यांत परत तेच.

मग चाकाखाली छापखान्यातला रद्दी आर्ट पेपर अंथरला. सकाळी रुपयाएवढा डाग, फिकट पिवळसर. इंजिन ऑइलसारखा काळा नाही, डिझेलसारखा वास नाही. रिमला जिथं ओघळ लागला होता तिथला रंग मात्र फुगून पापुद्रा सुटलाय.

माझा संशय कॅलिपरवर (ब्रेक दाबला की आतल्या पिस्टननं पॅड डिस्कवर आवळणारा भाग) आहे. मेकॅनिक म्हणतो शॉकअबचंच उरलेलं ऑइल गळतंय. कसं ठरवायचं? आणि कॅलिपर असेल तर नुसतं सील किट (आतल्या रबरी रिंगा) घालू की अख्खा कॅलिपर शोधू?

घाटवाट_गगनबावडा

भावा, एवढं काय घाबरायचं. माझी जुनी जीप दीड वर्ष असंच गळत होती. डिकीत ब्रेक ऑइलची बाटली ठेवायची, करूळ घाटात उतरायच्या आधी टॉप अप करायचं. नाद नाही करायचा. बाटली नसली तर एरंडेलही चालतंय, जुनी माणसं तेच घालायची.

जुना_पाना

वरच्या पाव्हण्याचं ऐकू नका. एरंडेल तर मुळीच नको. फार पूर्वीच्या ब्रेकमध्ये एरंडेल आणि अल्कोहोलचं मिश्रण असायचं हे खरं. पण तुमच्या गाडीत ते चालणार नाही.

शाईवाले, आधी गाडी बंद ठेवा. उजवीकडे ओढते म्हणजे डाव्या पॅडवर ओल पोचलीय आणि ते धरत नाहीयेत. लाल दिवा लुकलुकतो कारण डब्यात ऑइल कमी झालंय आणि ब्रेक मारल्यावर ते एका बाजूला जातं. बोनेट न उघडता एवढं कळतंय.

आता परीक्षा. एका वाटीत पाणी घ्या. चाकावरचा थेंब काडीनं उचलून त्यात सोडा. शॉकअबचं ऑइल किंवा ग्रीस असेल तर वर तवंग येईल, थेंब फुटणार नाही. ब्रेकचं असेल तर पाण्यात मिसळून दिसेनासं होईल. आपण सगळे त्याला ऑइल म्हणतो आणि तिथंच घोळ होतो, कारण ते ऑइल नाहीच. डॉट-३ आणि डॉट-४ हे त्याचे नेहमीचे दोन्ही प्रकार ग्लायकॉलवर बनतात. ते पाण्याशी एकजीव होतं, हवेतली ओलही ओढून घेतं आणि रंग खातं. तुमच्या रिमच्या पापुद्र्यानं अर्धं उत्तर दिलंच आहे.

ब्रेकचं निघालं तर कॅलिपर साबणाच्या पाण्यानं धुऊन कोरडा करा. हवेत वाळवून त्यावर चेहऱ्याची पावडर भुरभुरा, मग कुणाला तरी आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा. ओल कुठून फुटते ते पावडरीवर लगेच दिसेल: निपलपाशी (हवा काढायची तोटी), होस म्हणजे ऑइलची रबरी नळी बसते तिथं, दोन अर्ध्या भागांच्या सांध्यात, की पिस्टनच्या रबरी टोपणाखालून. पहिल्या दोन जागा असतील तर काम अर्ध्या तासाचं आहे.

एक विचारतो. पावसाळ्याआधी पॅड बदलले होते काय?

शाईवाला_०९

पाना काका, तुम्हाला कसं कळलं? मे महिन्यात पॅड बदलले. माझ्यासमोरच मेकॅनिकनं मोठ्या स्क्रू ड्रायव्हरनं पिस्टन आत रेटले होते.

वाटीतली परीक्षा केली. तुलनेला जुन्या शॉकअबच्या दांड्यावरच्या तेलाचाही एक थेंब घेतला (जुने परत दिले होते, ठेवलेत). तो डोळ्यासारखा वर तरंगत राहिला. चाकावरचा थेंब एक भोवरा सोडून गायब. बायको म्हणाली आमटीची वाटी होती ती, आता ती छापखान्यातच ठेव.

पावडरही टाकली, पोराला आत बसवलं. बाहेरच्या पिस्टनच्या टोपणाखालून दोन मिनिटांत ओला चंद्र उमटला. टोपण एका जागी फाटलेलं आहे.

जुना_पाना

मग सगळं जुळलं. पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येत राहतो. सीलच्या पुढचा त्याचा भाग टोपणाखाली असतो, टोपण फाटलं की तिथं ओल जाते, क्रोम उठतं, खड्डे पडतात. तोपर्यंत गळत नाही, कारण खड्डे सीलच्या बाहेर असतात. नवे जाड पॅड घालताना पिस्टन आत रेटला की तोच खरबरीत भाग सीलखाली जातो. वर चार महिने गाडी ओलीत उभी. नुसतं सील किट घालाल तर महिनाभरही टिकणार नाही. पिस्टन बघावेच लागतील.

काढताना घाई नको. कॉम्प्रेसरनं हवा मारून पिस्टन उडवतात काही जण, बोट तुटायचं काम आहे ते. आधी पॅड काढा, कॅलिपर दोन बोल्ट सोडून डिस्कवरून उतरवा, होस तसाच राहू द्या. दोन पिस्टनमध्ये डिस्कपेक्षा जाड लाकडी पट्टी धरा आणि हळूहळू ब्रेक दाबा. गाडीचाच दाब पिस्टन बाहेर आणतो. एक पुढं पळाला तर त्याला शिकंज्यानं धरा म्हणजे दुसरा हलेल. दोन्ही सैल झाले की होस सोडून हातानं ओढा.

आणि पेडलखाली विटेएवढा ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये (पेडल दाबलं की ऑइलला दाब देणारा भाग) रोजच्या वापराच्या पुढचा भाग गंजलेला असतो. पेडल तळापर्यंत गेलं की आतली रबरं त्या गंजावरून घासतात, मग कॅलिपर दुरुस्त आणि मास्टर बाद.

धुवायला पेट्रोल, डिझेल, काही लावू नका. बसवताना ग्रीस नको. सीलला नवं ब्रेक ऑइलच लावा, दुसरं काही नाही.

शाईवाला_०९

हे मला पटकन पटलं. आमच्या मशिनीच्या रोलरला चुकीचं सॉल्व्हंट लागलं की रबर फुगतं आणि छपाई बरबाद होते. रबर बघूनच सॉल्व्हंट ठरवायचं, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात.

पिस्टन निघाले. बाहेरच्यावर तोंडाजवळ खड्ड्यांचा पट्टा, नखाला लागतोय. आतला त्यामानानं बरा. नवे मिळेनात. पॉलिश पेपर मारला तर?

लेथवरचा_उद्यमनगर

नखाला लागतंय म्हणजे पॉलिशनं जाणार नाही. जाईपर्यंत घासलंत तर माप जाईल.

कोल्हापुरात बसून पिस्टन मिळेना म्हणताय राव, उद्यमनगरात या की! पंपाचे शाफ्ट, ऑइल इंजिनचे भाग इथं पिढ्यान् पिढ्या होतायत. हा तर साधा पेल्यासारखा भाग. सील कॅलिपरच्या खाचेत बसतं, पिस्टन त्यातून सरकतो, म्हणून सगळी करामत पिस्टनच्या बाहेरच्या पृष्ठभागाची. स्टेनलेसमध्ये टर्न करून ग्राइंडिंग करून घ्या, गंजाचा प्रश्नच मिटेल.

माप घेताना मात्र डोकं लावा. खराब भागावर नाही, सीलच्या मागच्या चांगल्या भागावर मायक्रोमीटर लावा. स्टेनलेस गरम झाल्यावर साध्या पोलादापेक्षा जास्त फुगतं. ६० मिमीच्या पिस्टनला १०० अंश चढले तर फरक साधारण ३० मायक्रॉन पडतो. म्हणून जुन्या मापाच्या वर जायचं नाही, कणभर खालीच राहायचं. नाहीतर घाटात पिस्टन अडकेल आणि ब्रेक सुटणारच नाही. पिस्टन सीलमध्ये शिरतो त्या काठाला हलका उतार द्यायला सांगा, धारदार ठेवला तर सील कापेल. तोंडाला पायरी किंवा खाच असेल तर ती कुठल्या दिशेला होती त्याचा फोटो काढून ठेवा.

कॅलिपरमधली सीलची खाच लाकडी काडीनं साफ करा, लोखंडी टोचणीनं नाही. आणि दोन अर्धे भाग उगाच उघडू नका.

शाईवाला_०९

झालं एकदाचं. दोन्ही बाजू केल्या. उजवीकडचं टोपण शाबूत होतं तरी पिस्टनवर दोन टिपके होतेच, म्हणून चारही पिस्टन करून घेतले. टर्नरनं पहिला पिस्टन हातात दिला तेव्हा मी तो सीलमध्ये अंगठ्यांनी दाबला. जोर लागला, पण एकसारखा. जुना तसा जात नव्हता, मध्ये खरखर करायचा.

नवं डॉट-४ भरून चारही चाकांची एअर काढली, सगळ्यात लांबच्या चाकापासून. जुनं ऑइल चहाच्या रंगाचं निघालं. ठोकळा पेडलखाली होता, पोरानं दोनदा विचारलं हा कशाला. भिजलेले पॅड टाकून दिले. मेकॅनिक म्हणत होता भट्टीत भाजून वापरू, त्याला नमस्कार केला.

रविवारी पन्हाळ्यावर जाऊन आलो. उतरताना मुद्दाम दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून अधूनमधून ब्रेक मारले, सरळ थांबते. खाली आल्यावर चारही रिमना हात लावून बघितला, सारखेच कोमट. आर्ट पेपर पाच रात्री कोरा आहे.

जुना_पाना

छान. ५०० किलोमीटरनंतर निपल आणि होसचे सांधे एकदा पुसून बघा. आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी गाडी हलवा.

घाटवाट_गगनबावडा

पाना काका, जीपच्या मागच्या चाकाखाली आज पेपर टाकला. थेंब पाण्यात विरघळला. पत्ता द्या तुमचा.

शाईवाला_०९

ता. क. : जुने दोन्ही शॉकअब माझ्याकडे आहेत, उत्तम चालू. दाबून बघितले, काहीही झालेलं नाही त्यांना. कुणाची डब्ल्यू-१२३ असेल तर शाहूपुरीत येऊन फुकट घेऊन जा.